धंद्याचं भांडवल नंतर मोजा, आधी घराचे किती हप्ते हाताशी आहेत ते मोजा



धंदा सुरू करायचा म्हटलं की पहिला प्रश्न भांडवलाचा येतो. किती लागेल, कुठून आणायचं, मुद्रा मिळेल का. हे सगळं बोलूच. पण ज्यांच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे, त्यांना माझा पहिला प्रश्न वेगळा असतो. उद्यापासून घरात एक रुपयाही आला नाही, तर घराचे किती हप्ते तुम्ही कुणापुढे हात न पसरता भराल?

एक? दोन? की या महिन्याचाच पगारावर अवलंबून आहे?

कर्जत, भिवपुरी, नेरळ, शेलू, खोपोली, खालापूर, चौक या सगळ्या पट्ट्यात गेल्या दहा-बारा वर्षांत कितीतरी कुटुंबांनी कर्ज काढून घर घेतलं. मुंबई-ठाण्याचे भाव परवडत नव्हते, लोकल कर्जत-खोपोलीपर्यंत येते, आणि पंतप्रधान आवास योजनेत अल्प उत्पन्न गटाला व्याजावर २.६७ लाखांपर्यंत अनुदान मिळत होतं. घर झालं, चांगलं झालं. आता त्याच घरातला कोणीतरी म्हणतोय, नोकरीत काही राहिलं नाही, आपलं काहीतरी सुरू करू. हा लेख त्याच माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे.

घर आहे, पण पैसा भिंतीत आहे

समजा तुमच्या फ्लॅटची किंमत आज ३० लाख आहे आणि कर्ज १८ लाख राहिलंय. कागदावर तुम्ही १२ लाखांचे मालक. छान वाटतं. पण पाच तारखेला बँकेच्या खात्यात १७ हजार नसतील, तर या १२ लाखांचा काही उपयोग नाही. बेडरूम विकून हप्ता भरता येत नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, मालमत्ता. दुसरी, हाताशी असलेला पैसा, म्हणजे दोन-तीन दिवसांत, नुकसान न सोसता, कुणाची परवानगी न घेता वापरता येईल असा पैसा. घराच्या या राखीव पैशाला आपल्याकडे छान शब्द आहे, गंगाजळी.

अमेरिकेत जेपी मॉर्गन चेस इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये गृहकर्जदारांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. हप्ते कोणाचे थकतात, हे त्यांनी बघितलं. ज्यांच्या हाताशी तीन हप्त्यांपेक्षा कमी पैसा होता, त्यांच्यात थकण्याचं प्रमाण बाकीच्यांच्या पाचपटीहून जास्त निघालं. आणि घरात स्वतःचे पैसे भरपूर घातले पण हातात रोकड नाही, अशांचे हप्ते जास्त थकले. घरात कमी घातले पण रोकड राखून ठेवली, ते तरले. देश वेगळा, बँका वेगळ्या, पण ही गोष्ट कर्जतमध्येही तशीच लागू पडते.

२०२० मध्ये आपल्या लाईनवर काय झालं ते आठवा

कोविडमध्ये रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना सवलत दिली. आधी १ मार्च ते ३१ मे २०२०, मग ती ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवली. एकूण सहा महिने. बऱ्याच जणांना वाटलं, चला, सरकारने सांभाळून घेतलं.

आता लोकलचं वेळापत्रक आठवा. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. नंतर सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. महिलांना ऑक्टोबर २०२० मध्ये ठराविक वेळेत परवानगी मिळाली. बाकी सर्वसामान्य प्रवाशांना १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठराविक वेळेतच. एप्रिलमध्ये पुन्हा बंद. दोन डोस झालेल्यांसाठी १५ ऑगस्ट २०२१ ला दार उघडलं.

म्हणजे बघा, हप्त्याची सवलत संपली ३१ ऑगस्टला, आणि ठाणे-मुंबईत कामाला जाणाऱ्या साध्या प्रवाशाला त्यानंतरही पाच महिने गाडी नव्हती. खासगी गाडीत सीट घेऊन रोज कर्जतहून मुंबई करणं किती जणांना परवडणार? सवलत वरून येते, ती सगळ्या देशासाठी एका मापाची असते. तुमची अडचण तुमच्या मापाची असते. त्या दोघांमधलं अंतर गंगाजळीनेच भरावं लागतं.

शिवाय सवलत म्हणजे माफी नव्हती. व्याज चालूच होतं. हिशोब करून दाखवतो. २० लाखांचं नवं कर्ज, ८ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता १६,७२९ रुपये. सहा महिने काहीच भरलं नाही, तर साधारण ८१ हजार रुपये व्याज मुद्दलात जाऊन बसतं. पुढे हप्ता तेवढाच ठेवला तर २४० ऐवजी जवळपास २६६ हप्ते भरावे लागतात. सहा चुकवले, सव्वीस वाढले. चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक सरकारने नंतर परत दिला हे खरं, पण या उदाहरणात तो होतो साधारण १,३०० रुपये.

ज्याच्याकडे दुसरा मार्गच नव्हता, त्याने सवलत घेतली ते बरोबरच होतं. पण सहा हप्ते हाताशी असते, तर हे सव्वीस वाढले नसते.

व्याजदर वाढला की तुम्हाला कोणी विचारत नाही

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला जोडलेली असतात. बहुतेकांची रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला. हा दर मे २०२० पासून ४ टक्के होता. मे २०२२ मध्ये वाढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० टक्के झाला. नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के.

२०२१ मध्ये कोणी ७ टक्क्यांनी २० लाख घेतले असतील, तर २० वर्षांसाठी हप्ता येतो १५,५०६. वर्षभर हप्ते भरले, मुद्दल थोडं कमी झालं. आता दर ९.५० टक्के धरा. त्या महिन्याचं नुसतं व्याजच होतं साधारण १५,४५०. म्हणजे हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जातात जेमतेम ५० रुपये. अशा कर्जाची मुदत वाढवून वाढवून किती वाढवणार? हप्ता वाढवावाच लागतो. २० लाखांवर ९.५० टक्क्यांनी हप्ता होतो १८,६४३. महिन्याला तीन हजारांचा फरक.

पगार तोच, भाजी महाग, शाळेची फी वाढलेली, आणि हप्ताही तीन हजारांनी वर. अशा वेळी घरातला एकजण नोकरी सोडून दुकान टाकायच्या तयारीत असेल तर काय होतं, ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की दर बदलला की कर्जदाराला पर्याय द्या: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, थोडं हे थोडं ते करायचं, की फिक्स दराकडे जायचं. तुमच्या बँकेचं पत्र किंवा एसएमएस आला तर तो वाचा. न वाचता सोडला तर निर्णय बँकेच्या पद्धतीने होतो.

२०२५ मध्ये उलट झालं. फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. आपल्या २० लाखांच्या उदाहरणात ९.५० चे ८.२५ झाले, तर हप्ता १,६०० रुपयांनी उतरतो. हा फरक खर्चात मुरू देऊ नका, त्याचं काय करायचं ते पुढे सांगतो.

आपल्या भागात पैसा सारखा येत नाही

ऑनलाईन जे सल्ले मिळतात ते महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्यासाठी लिहिलेले असतात. आपल्या दोन तालुक्यांत कमाईची तऱ्हा वेगळी आहे.

फार्महाऊस, कॅम्पिंग, केटरिंग, गाड्या यांची कमाई शनिवार-रविवारची. पावसाळ्यात धबधब्यांना गर्दी होते, पण एखादी दुर्घटना झाली किंवा जोराचा पाऊस लागला की प्रशासनाचा बंदी आदेश येतो, आणि दोन-तीन रविवार कोरडे जातात. महडला वरदविनायकाच्या दर्शनाला माघी गणेशोत्सवात आणि चतुर्थीला माणसांची रांग, एरवी आठवड्याच्या मधल्या दिवशी शांतता. माथेरानवर पोट असलेल्यांना मे महिना वेगळा आणि जुलै वेगळा. नेरळहून माथेरानला जाणारी मिनी ट्रेन २०१९ च्या पावसात बंद पडली, ती पूर्ण मार्गावर पुन्हा धावली २२ ऑक्टोबर २०२२ ला. तीन वर्षांहून जास्त. त्या गाडीच्या भरवशावर स्टेशनपाशी टपरी टाकायचा बेत ज्याने आखला असेल, त्याच्या बेताचं काय झालं असेल?

आणि कंपनीवाल्यांनी निर्धास्त राहू नये. रसायनीतला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना सरकारी होता, तरी २०१७ मध्ये केंद्र सरकारने तो बंद करायचा निर्णय घेतला. खोपोली, रसायनीच्या पट्ट्यात आज कितीतरी जण ठेकेदाराकडे कामाला आहेत. ठेका संपला की पगार संपतो.

यावर माझं म्हणणं एवढंच. कमाई हंगामी आणि हप्ता बारमाही, तर मधल्या काळाची सोय आधी करायची. शेतकरी पेरणीआधी घरात वर्षाचा तांदूळ बघतो, तशीच.

गंगाजळी रुपयांत नाही, महिन्यांत मोजा

"माझ्याकडे तीन लाख आहेत" या वाक्याला अर्थ नाही. "माझ्याकडे सहा महिने आहेत" याला अर्थ आहे. मोजायची पद्धत सोपी आहे. वही घ्या आणि न थांबणारा खर्च लिहा. न थांबणारा म्हणजे जो कमाई थांबली तरी थांबत नाही. हॉटेल, कपडे, सहल यात येत नाहीत.

समजा असं घर आहे:

घराचा हप्ता: १७,०००
किराणा, गॅस, वीज, भाजी, औषधं: १५,०००
शाळा, सोसायटीचा मेंटेनन्स, विमा: ३,०००
एकूण: ३५,०००

आता घरात दुसरी पक्की कमाई आहे का ते बघा. समजा बायको शाळेत किंवा दवाखान्यात काम करते आणि १२,००० आणते. तर दर महिन्याचा खड्डा २३,००० चा. सहा महिन्यांचे होतात १,३८,०००. हा तुमच्या घराचा आकडा.

किती महिने ठेवायचे? माझा ठोकताळा असा आहे. नोकरी चालू ठेवून शनिवार-रविवारी धंदा करणार असाल तर किमान तीन महिने. घरातली एक नोकरी सुटणार असेल आणि दुसरी पक्की असेल तर सहा. घरात दुसरी कमाईच नसेल, किंवा दोघांची कमाई एकाच पर्यटनावर असेल, तर नऊ ते बारा. दोघांची कमाई एकाच ठिकाणाहून असेल तर ती दोन कमाया नाहीत, एकच आहे. नवरा फार्महाऊसला गाडी लावतो आणि बायको त्याच फार्महाऊसला जेवण पुरवते, तर बंदी आदेशाच्या दिवशी दोघंही घरी.

आता भांडवल. तुमच्याकडे तीन लाख साठलेत आणि मनात तीन लाखांचं दुकान आहे. वरचा हिशोब लावा. तीन लाखांतून १,३८,००० बाजूला काढा. उरले १,६२,०००. तुमचं भांडवल एवढंच आहे. दुकान १,६२,००० मध्ये बसवा. गाळा लहान घ्या, फर्निचर जुनं घ्या, माल अर्धा भरा, नाहीतर आधी घरातून ऑर्डर घेऊन सुरू करा. ऑर्डरचं काम असेल तर ॲडव्हान्स घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

हे ऐकून काही जण नाराज होतात. "एवढ्यात काय होणार?" असं म्हणतात. पण पूर्ण तीन लाख दुकानात घातलेल्या माणसाला तिसऱ्याच महिन्यात गल्ल्यातून हप्ता काढावा लागतो. गल्ल्यातून हप्ता गेला की माल कमी, माल कमी झाला की गिऱ्हाईक कमी. चालू शकणारं दुकान अशानेच बसतं. दुकानाला रुळायला वेळ लागतो आणि तो वेळ गंगाजळी विकत घेते.

काय धरायचं, काय धरायचं नाही

गंगाजळीत धरायचं: बचत खात्यातली रक्कम, मोडता येणारी एफडी, आरडी, लिक्विड फंड.

धरायचं नाही: घराची किंमत, गावची जमीन, दुकानातला माल, गिऱ्हाइकांकडची उधारी, भिशीचा न लागलेला नंबर, आणि "भाऊ देईल" हा विश्वास. भाऊ देईलही, पण त्याच्याही घराचा हप्ता असतो.

पीएफ हातात यायला अर्ज करावा लागतो, वेळ लागतो, आणि तो म्हातारपणाचा पैसा आहे. सोनं दुसऱ्या फळीत ठेवा. गोल्ड लोन पटकन मिळतं हे खरं, पण ते कर्जच आहे. एक हप्ता भरायला दुसरा हप्ता सुरू करणं म्हणजे गंगाजळी नव्हे. क्रेडिट कार्डची लिमिट तर अजिबात धरू नका.

कर्ज लवकर फेडू की पैसा हाताशी ठेवू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आपल्या लोकांना कर्ज अंगावर आवडत नाही. दिवाळीचा बोनस आला, एलआयसी मॅच्युअर झाली की सरळ नेऊन गृहकर्जात भरतात. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरण्याचा दंड नसतो, त्यामुळे भरणं सोपंही आहे.

पण नीट बघा. तुम्ही दोन लाख जादा भरलेत म्हणून पुढच्या महिन्याचा हप्ता माफ होत नाही. तो येतोच. आणि भरलेले दोन लाख परत मागायला गेलात तर बँक टॉप-अप लोनचा अर्ज पुढे करते, पगाराची स्लिप मागते. नोकरी गेली असेल किंवा धंद्याला जेमतेम चार महिने झाले असतील, तर स्लिप कुठून आणणार? ज्या दिवशी पैसा सगळ्यात जास्त लागतो, नेमक्या त्या दिवशी बँक तो द्यायला सगळ्यात कमी तयार असते.

मग राखून ठेवण्याचा तोटा किती? कर्ज ८.२५ टक्क्यांचं, आणि एफडीवर समजा ६ टक्के मिळाले. १,३८,००० वर हा सव्वादोन टक्क्यांचा फरक वर्षाला साधारण ३,१०० रुपये होतो. महिन्याला अडीचशेच्या आसपास. हा मी तोटा मानत नाही, विम्याचा हप्ता मानतो. गंगाजळी पूर्ण झाली की वरचे पैसे खुशाल कर्जात भरा, लवकर फेडा. आधी हे, मग ते.

काही बँकांची गृहकर्जं ओव्हरड्राफ्टसारखी चालतात. स्टेट बँकेची मॅक्सगेन योजना अशीच आहे. जादा पैसा त्या खात्यात ठेवला की तेवढ्यावर व्याज लागत नाही, आणि लागेल तेव्हा काढता येतो. ऑस्ट्रेलियात तर ऑफसेट खातं म्हणून ही सर्रास पद्धत आहे. दर थोडा जास्त असू शकतो, तो आधी विचारून घ्या. आणि स्वतःला ओळखा. सहज काढता येतो म्हणून त्या खात्यातून दुकानाचा माल भरायला लागलात तर गंगाजळी कधी संपली ते कळणार नाही.

पैसा ठेवायचा कुठे

रायगडकरांना हे वेगळं सांगायला नको. पेण अर्बन बँकेवर २०१० मध्ये निर्बंध आले आणि लोकांची आयुष्यभराची पुंजी अडकली. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना २०२१ मध्ये रद्द झाला. सगळ्या सहकारी बँका वाईट, असं मी म्हणत नाही. म्हणणं इतकंच की सगळी अंडी एका टोपलीत नकोत.

बँकेतल्या ठेवीला विमा असतो, आज तो एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची, त्याआधी १ लाख होती. पण लक्षात ठेवा, पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. पिग्मी एजंट रोज दारात येतो, ओळखीचा असतो, शिस्त लागते, हे सगळं खरं. पिग्मीत धंद्याची बचत करा. घराची गंगाजळी बँकेत ठेवा.

माझी मांडणी अशी: दोन हप्त्यांएवढी रक्कम, ज्या खात्यातून हप्ता कापला जातो त्याच खात्यात. बाकीची दुसऱ्या बँकेत, लहान-लहान एफडीत. १,००,००० ची एक एफडी न करता २०-२० हजारांच्या पाच करा. गरज एकाची असेल तर एकच मोडता येते.

भरायची कशी

पगाराच्या दुसऱ्या दिवशी आरडी. महिना ४,५०० चा जमला, आणि व्याजदर उतरल्याने हप्त्यात वाचलेले १,५०० त्यात घातले, तर ६,०००. १,३८,००० व्हायला २३ महिने लागतात. बोनस, ओव्हरटाईम, कर परतावा यात टाकलात तर दीड वर्षात होईल. एक सूचना: दर उतरला की बऱ्याचदा बँक हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते. गंगाजळी रिकामी असेल तर शाखेत जाऊन हप्ता कमी करून मागा, आणि तो फरक आरडीला लावा. गंगाजळी भरली की हप्ता पुन्हा वाढवून घ्या.

दीड-दोन वर्षं थांबायचं का मग? मुळीच नाही. तेवढ्यात शनिवार-रविवारचा धंदा सुरू करा. गिऱ्हाईक कळेल, भाव कळतील, कोणता माल पडून राहतो ते कळेल. नोकरी सोडायची तारीख कॅलेंडर बघून ठरवू नका, गंगाजळीचा आकडा बघून ठरवा.

धंदा सुरू झाल्यावर दोन खाती ठेवा, एक घराचं, एक दुकानाचं. दर महिन्याला दुकानाने घराला ठरलेला पगार द्यायचा. सुरुवातीला पाच हजार असला तरी चालेल, पण ठरलेला. हप्त्याची तारीख तुमच्या कमाईच्या तारखेशी जुळत नसेल तर ती बदलता येईल का, हे बँकेत विचारा. आणि गणपती आले, दिवाळी आली म्हणून माल भरायला गंगाजळीला हात लावायचा नाही. हा नियम घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. माझ्या अनुभवात, एफडीच्या पावत्या घरच्या बाईकडे असल्या की त्या टिकतात.

हप्ता चुकणार असं दिसलं तर

गंगाजळी दोन महिन्यांवर आली की त्याच आठवड्यात बँकेत जा. हप्ता चुकल्यावर नाही, चुकायच्या आधी. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का, विचारा. ज्याचे आजवरचे सगळे हप्ते वेळेवर गेलेत, त्याचं बोलणं शाखेत वेगळ्या कानाने ऐकलं जातं.

कारण चुकल्यावर घड्याळ वेगाने पळतं. चेक किंवा ऑटो डेबिट परत गेल्याचा आकार, वर दंड. १ जानेवारी २०२५ पासून कर्जदारांची माहिती सिबिलसारख्या संस्थांकडे दर पंधरा दिवसांनी जाऊ लागली, त्यामुळे डाग लवकर लागतो. मुद्रा कर्जाला तारण लागत नसलं तरी बँक हा रेकॉर्ड बघते. म्हणजे घराचा हप्ता चुकला की धंद्याच्या कर्जाचं दारही अर्धं बंद. थकबाकी ९० दिवसांवर गेली की खातं एनपीए होतं. त्यानंतर सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. सगळं मिळून पाच महिने. आता कळलं ना, मी सहा महिन्यांचा आग्रह का धरतो?

आज संध्याकाळी एक काम करा. घरच्यांबरोबर बसा, वही काढा, न थांबणारा खर्च लिहा, पक्की कमाई वजा करा, आणि हाताशी असलेल्या पैशाला त्या आकड्याने भागा. उत्तर येईल ते महिन्यांत येईल. दीड आलं तर दीड, लाजायचं कारण नाही. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून तो आकडा लिहा. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजा. आकडा वाढत असेल तर तुमच्या धंद्याची तयारी चालू आहे, मग दुकानाची पाटी अजून रंगवली नसली तरी चालेल.

पुढच्या भागात बघू, उरलेल्या भांडवलात माल कसा आणि किती भरायचा. तोवर, आधी घर, मग गल्ला.